लघुग्रहाचा फेरा मोजायचा कसा: विद्यार्थी संशोधन-प्रकल्पाची आखणी

लघुग्रहांवर प्रकल्प करायचा म्हटलं की बहुतेक गटांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "आपण नवा लघुग्रह शोधू आणि त्याला कॉलेजचं नाव देऊ." हे वाक्य आधी बाजूला ठेवा. हवाईमधल्या पॅन-स्टार्स किंवा ॲरिझोनातल्या कॅटलिनासारख्या सर्वेक्षण-दुर्बिणी दर निरभ्र रात्री आकाश चाळून काढत असतात. माहीत असलेल्या लघुग्रहांची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली आहे, आणि सापडायचे राहिलेले बहुतेक विसाव्या प्रतीपेक्षाही मंद आहेत (प्रत हे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितकं तेज कमी). आठ इंची दुर्बिणीच्या आवाक्यात ते येत नाहीत.

आयएएससीसारख्या, विद्यार्थ्यांकडून लघुग्रह शोधून घेणाऱ्या मोहिमांमध्ये पॅन-स्टार्सच्या प्रतिमा शाळा-कॉलेजांना मोफत मिळतात. चार प्रतिमांचा संच ॲस्ट्रोमेट्रिका या सॉफ्टवेअरमध्ये एकामागून एक दाखवायचा आणि ताऱ्यांमध्ये हलणारा ठिपका टिपायचा. डोळा तयार व्हायला हे काम उत्तम, जरूर करा. मात्र त्यात मिळते ती 'प्राथमिक नोंद'. मायनर प्लॅनेट सेंटर या लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या जागतिक केंद्राने कक्षा पक्की करून क्रमांक देईपर्यंत बरीच वर्षं जातात आणि नाव सुचवण्याची वेळ त्यानंतर येते. वर्तमानपत्रातली बातमी मात्र पहिल्याच आठवड्यात छापून येते. प्रमाणपत्र हवं असेल तर हा रस्ता ठीक आहे. संशोधन शिकायचं असेल तर एकच लघुग्रह घ्या आणि तो नीट मोजा.

प्रश्न एका वाक्यात लिहा

लहान दुर्बिणीला जमेल आणि तरीही खगोलशास्त्रज्ञांच्या उपयोगी पडेल असं मोजमाप म्हणजे परिवलनकाळ, अर्थात लघुग्रह स्वतःभोवती एक फेरी किती वेळात पुरी करतो. बहुतेक लघुग्रह बटाट्यासारखे वेडेवाकडे, लांबुळके असतात. लांब बाजू आपल्याकडे आली की ते उजळ दिसतात, टोक समोर आलं की मंद. एका फेरीत लांब बाजू दोनदा समोर येते, त्यामुळे तेजस्वितेच्या आलेखात साधारण दोन शिखरं आणि दोन दऱ्या दिसतात. हाच प्रकाशवक्र.

पद्धत जुनी आहे, पण अडगळीत गेलेली नाही. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचं डार्ट यान डिडिमॉस या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या छोट्या डिमॉर्फसवर मुद्दाम आदळवलं, आणि डिमॉर्फसचा डिडिमॉसभोवतीचा फेरा ११ तास ५५ मिनिटांवरून सुमारे ११ तास २३ मिनिटांवर आला. हा फरक कळला तो पृथ्वीवरच्या दुर्बिणींनी नोंदवलेल्या प्रकाशवक्रांवरून आणि रडारवरून.

आता तुमचा प्रश्न. "लघुग्रहांचा अभ्यास" हा प्रश्न नव्हे, तो नुसता विषय झाला. प्रश्न असा लिहा: "(२१६) क्लिओपात्रा या लघुग्रहाचा परिवलनकाळ आम्हाला ०.०१ तासापर्यंत अचूक मोजता येतो का, आणि या वेळच्या प्रतियुतीत (तो सूर्याच्या विरुद्ध दिशेला येतो तेव्हा) त्याच्या तेजात किती प्रतींचा चढउतार दिसतो?"

क्लिओपात्राचं उदाहरण मुद्दाम घेतलंय. योहान पालिसाने १८८० मध्ये शोधलेला हा लघुग्रह मधे निमुळता आणि दोन्ही टोकांना फुगीर आहे, लांबी सुमारे २७० किलोमीटर. परिवलनकाळ ५.३८५ तास हे पक्कं माहीत आहे. म्हणजे प्रश्नाच्या पहिल्या भागाचं उत्तर पुस्तकात आहे. तुमचं मोजमाप त्याच्याशी जुळलं तर तुमची पद्धत बरोबर. दुसऱ्या भागाचं उत्तर मात्र दर वेळी बदलतं. क्लिओपात्रा बाजूने दिसतो तेव्हा चढउतार एका प्रतीच्याही वर जातो, आणि त्याचा ध्रुव आपल्याकडे झुकलेला असला तर तो एक-दोन दशांशांवर येतो. वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या अशा वक्रांवरूनच लघुग्रहाचा आकार आणि अक्षाची दिशा काढतात. थोडक्यात, एकाच प्रकल्पात परीक्षाही होते आणि थोडी नवी भरही पडते.

पहिला प्रकल्प नेहमी असा उत्तर माहीत असलेल्या लघुग्रहावर करा. परिवलनकाळांच्या जागतिक सूचीत प्रत्येक नोंदीपुढे विश्वासार्हतेचा गुण दिलेला असतो: ३ म्हणजे पक्का, २ म्हणजे बहुधा बरोबर पण शंका आहे, १ म्हणजे जवळपास अंदाज. पहिल्या वर्षी ३ गुणांचा लघुग्रह घ्या, हात बसला की २ गुणांकडे वळा. खरी मजा तिथे आहे.

आठवी-नववीच्या मुलांसाठी हे जड होईल. त्यांना व्हेस्टा द्या. चांगल्या प्रतियुतीच्या सुमारास तो साध्या द्विनेत्रीतून सहज दिसतो. दोन-तीन आठवडे जमेल त्या रात्री आजूबाजूच्या ताऱ्यांसह त्याची जागा कागदावर काढायची आणि तो रोज किती कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) सरकतो ते मोजायचं. तेवढाच प्रकल्प, पण पूर्ण.

लक्ष्य निवडताना

प्रतियुतीपासून सुरुवात करा. लघुग्रह सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला येतो तेव्हा तो जवळ असतो, उजळ असतो आणि जवळपास रात्रभर आकाशात असतो. मुख्य पट्ट्यातल्या, म्हणजे मंगळ आणि गुरूच्या दरम्यान फिरणाऱ्या लघुग्रहांची प्रतियुती साधारण सव्वा ते दीड वर्षांनी येते. क्लिओपात्राची सुमारे ४६५ दिवसांनी येते, म्हणजे दर खेपेला तिचा ऋतू तीनेक महिन्यांनी पुढे सरकतो. यंदा डिसेंबरात आलेला लघुग्रह पुढच्या खेपेला मार्च-एप्रिलात आणि त्याच्या पुढच्या खेपेला ऐन पावसाळ्यात. तेव्हा "मागच्या बॅचने घेतला होता तोच घेऊ" असं चालत नाही. यादी दर वर्षी नव्याने करावी लागते. क्लिओपात्रा यंदा सोयीचा नसेल तर कॅलिओपी (क्रमांक २२, ४.१५ तास) किंवा लेटिशिया (क्रमांक ३९, ५.१४ तास) पाहा. दोन्ही उजळ आहेत, दोन्हींचा काळ पक्का माहीत आहे.

आकडे मिळवायला नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेची होरायझन्स ही मोफत सेवा वापरा. लक्ष्याच्या रकान्यात नुसतं २१६ लिहू नका, पुढे अर्धविराम द्या, म्हणजे तिला लघुग्रहाचा क्रमांक आहे हे कळतं. निरीक्षणाच्या जागेचे रेखांश-अक्षांश भरा आणि तासातासाचा तक्ता मागा: स्थान, प्रत, पृथ्वीपासून आणि सूर्यापासून अंतर, क्षितिजापासून उंची, सरकण्याचा वेग. हा तक्ता छापून वहीत चिकटवा, पुढचे सगळे निर्णय त्यावरून होतील.

उंची तीस अंशांच्या खाली असताना घेतलेल्या प्रतिमांवर फार विसंबू नका, खालची हवा जाड असते. याबाबतीत आपलं नशीब बरं आहे. पुण्याचे अक्षांश साडेअठरा. खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरची आकाशातली रेषा) वीस अंश दक्षिणेला असलेला लघुग्रहही इथे ५१ अंशांपर्यंत चढतो, लंडनहून तो जेमतेम १८ अंशांवर येतो. हिवाळ्यातल्या प्रतियुतीत तर लघुग्रह बहुधा आपल्या डोक्यावरूनच जातो आणि तीस अंशांच्या वर आठ-साडेआठ तास राहतो. क्लिओपात्राची दीड फेरी एका रात्रीत मावते.

आता मोहाची गोष्ट. १७ एप्रिल १८६१ रोजी नॉर्मन पॉग्सन यांनी मद्रास वेधशाळेतून एक लघुग्रह शोधला. आशिया खंडातून शोध लागलेला तो पहिला लघुग्रह, म्हणून त्याचं नाव (६७) एशिया. भारतातल्या गटाने तोच घ्यावा असं कुणालाही वाटेल. पण त्याचा परिवलनकाळ सुमारे १६ तासांचा आहे. एका रात्रीत जेमतेम अर्धी फेरी हाती लागते. शिवाय चोवीस तासांत त्याच्या जवळपास दीड फेऱ्या होतात, त्यामुळे आज जो अर्धा भाग पाहिला त्याच्या पलीकडचा अर्धा भाग उद्या, आणि परवा पुन्हा आजचाच. वक्राचे दोन्ही अर्धे बरेच सारखे दिसतात, मग खरा काळ १६ तास की ८ की आणखी काही, हे एका गावात बसून सांगता येत नाही. आठ, बारा, सोळा, चोवीस तासांच्या आसपासचे लघुग्रह पहिल्या प्रकल्पात टाळा. घ्यायचाच असेल तर दुसऱ्या रेखांशावरचा जोडीदार शोधा. हिवाळ्यात पुण्यात उजाडल्यावर दोन-अडीच तासांत कॅलिफोर्नियात काळोख होतो. तिकडच्या एखाद्या मराठी हौशी निरीक्षकाच्या अंगणात दुर्बीण असेल तर हा प्रकल्प दोन गावांनी मिळून करण्याजोगा आहे.

चार ते सात तासांचा परिवलनकाळ, ०.३ प्रतीपेक्षा जास्त अपेक्षित चढउतार, तेराव्या प्रतीपेक्षा उजळ: ही चाळणी लावलीत की हातात मोजकीच नावं उरतील. त्यातलं एक मुख्य लक्ष्य म्हणून घ्या, आणि आकाशाच्या वेगळ्या भागातलं एक राखीव ठेवा. चंद्र मुख्य लक्ष्याच्या शेजारी येऊन बसेल त्या रात्री राखीव कामाला येतं.

पावसाळा, दिवाळी आणि बोर्डाची परीक्षा

आपल्याकडे जून ते सप्टेंबर आकाश जवळपास बंद असतं. प्रकल्पाचा हा काळ रिकामा सोडू नका. याच महिन्यांत वाचन, प्रस्ताव, आणि दुसऱ्यांनी घेतलेल्या तयार प्रतिमांवर सॉफ्टवेअरचा सराव उरकून घ्यायचा. पहिल्या निरीक्षणाच्या रात्री जो गट सॉफ्टवेअर उघडायला शिकतो, त्याची निम्मी रात्र वाया जाते.

ऑक्टोबरात पाऊस ओसरला की चाचणी. दिवाळी अमावस्येला येते म्हणून कागदावर ती रात्र फार छान दिसते. प्रत्यक्षात तो आठवडा धुराचा आणि रोषणाईचा असतो, शिवाय निम्मा गट गावी गेलेला. तेव्हा ते दिवस काटच मारा. खरं काम नोव्हेंबर ते जानेवारीत. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा, त्यामुळे कनिष्ठ महाविद्यालयाच्या गटाने निरीक्षणं संक्रांतीपर्यंत आटोपलेली बरी. बीएस्सीच्या मुलांना आणखी महिनाभर मिळतो.

या पट्ट्यात अमावस्येच्या अलीकडे-पलीकडे पाच-सहा रात्री धरल्या तर तीन खिडक्या मिळतात. ढग, लग्नं, वीज जाणं, सबमिशन हे सगळं वजा करून हाती येतील त्या रात्रींचा हिशेब धरा. प्रस्तावात चार चांगल्या रात्री लागणार असं लिहिणार असाल तर आठ रात्रींची जागा, परवानगी आणि माणसं ठरवून ठेवा.

साधनं

मोठी दुर्बीण नसली तरी चालेल, पण ताऱ्यांच्या मागे आपोआप फिरणारी बैठक लागते. हाताने ढकलायचं डॉब्सोनियन बघायला सुंदर, या कामाला निरुपयोगी. सहा ते आठ इंची दुर्बीण, इक्वेटोरियल माउंट (अशी आपोआप फिरणारी बैठक) आणि मोनोक्रोम खगोल-कॅमेरा असेल तर उत्तम. कॅमेरा नसेल तर डीएसएलआर चालतो, फक्त प्रतिमा रॉ स्वरूपातच साठवायच्या आणि मोजणीसाठी हिरवा चॅनल घ्यायचा. अनेक कॉलेजांच्या भौतिकशास्त्र विभागात अशी दुर्बीण कपाटात बंद असते. नवी मागण्याआधी किल्ली कुणाकडे आहे ते विचारा.

काहीच नसेल तर लास कम्ब्रेस वेधशाळेचं रोबोटिक दुर्बिणींचं जगभर पसरलेलं जाळं शैक्षणिक भागीदारांमार्फत शाळा-कॉलेजांना वेळ देतं. अर्ज लवकर करावा लागतो. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची गिरवलीची दोन मीटरची दुर्बीण आपल्या जवळ आहे खरी, पण ती संशोधकांच्या कामासाठी आहे आणि तेराव्या प्रतीच्या लघुग्रहाला तिची गरजही नाही. सल्ल्यासाठी मात्र माणसं आहेत: पुण्यात १९४४ पासून चालत आलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था, मुंबईत खगोल मंडळ. प्रश्न लिहून नेलात तर सल्ला चांगला मिळतो, "काहीतरी प्रकल्प सुचवा" म्हणून गेलात तर चहा मिळतो.

कोणत्या रात्री निरीक्षण करायचं?

आखणीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग हा. गट म्हणतात, "जमेल तेवढ्या रात्री करू." रात्रींची संख्या महत्त्वाची आहेच, पण त्यांच्यामधलं अंतर त्याहून महत्त्वाचं.

क्लिओपात्राचाच हिशेब करू. समजा वक्रावरचं शिखर तुम्ही फेरीच्या पन्नासाव्या भागापर्यंत, म्हणजे सुमारे ०.११ तासाच्या अचूकतेने ओळखू शकता. एका रात्रीत दीड फेरी दिसली, तर परिवलनकाळातली चूक ०.११ भागिले १.५, म्हणजे ०.०७ तास. लगेच दुसऱ्या रात्री पुन्हा पाहिलंत तर मधे साडेचार फेऱ्या होतात, चूक ०.०२४ तासावर येते. नवव्या-दहाव्या दिवशी तिसरी रात्र मिळाली तर मधे चाळीस फेऱ्या, चूक ०.००३ तासाच्या खाली.

मग पहिल्या रात्रीनंतर थेट महिन्याने का जाऊ नये? कारण मधे नेमक्या किती फेऱ्या झाल्या हेच सांगता येणार नाही. पहिल्या रात्रीची चूक ०.०७ तास. महिन्यात १३४ फेऱ्या होतात. १३४ गुणिले ०.०७ म्हणजे नऊ तासांहून जास्त अनिश्चितता, म्हणजे पावणेदोन फेऱ्या. १३३ झाल्या की १३५, कळायला मार्ग नाही. म्हणून पायरीपायरीने जायचं: दोन रात्री लागोपाठ, तिसरी आठवड्या-दहा दिवसांनी, चौथी पुढच्या अमावस्येला. प्रत्येक पायरीवर साचलेली अनिश्चितता पाव फेरीच्या आत आहे ना, हे आधी कागदावर तपासा. दोन शिखरं सारखी दिसतात, त्यामुळे अर्ध्या फेरीचीही गल्लत होऊ शकते, म्हणून पाव.

हा हिशेब प्रस्तावात घातलात तर परीक्षक वेगळ्या नजरेने वाचतो. प्रस्ताव दोन पानांच्या वर नको: प्रश्न, लक्ष्य आणि राखीव लक्ष्य, होरायझन्सचा तक्ता, रात्रींचा हा हिशेब, अपेक्षित चूक, कोण काय करणार, आणि आकाशाने दगा दिला तर किमान किती निकाल सांगता येईल. हा शेवटचा मुद्दा बहुतेक जण गाळतात. एकच रात्र मिळाली तरी "परिवलनकाळ ५.४ तास, अधिक-उणे ०.१, चढउतार किमान इतका" असा निकाल लिहिता येतो. तो आधीच मान्य करून ठेवा, म्हणजे मार्चमध्ये घबराट होत नाही.

प्रत्यक्ष रात्र

जागा शहराबाहेरची, पण इतकी लांब नको की दुसऱ्या रात्री कुणी यायला तयार होणार नाही. शेतावर जाणार असाल तर मालकाची आणि पालकांची लेखी परवानगी, सोबत एक शिक्षक, पायात बूट, आणि लाल टॉर्च. मुंबईकर मंडळी वांगणीकडे जातात ती याच हिशेबाने: लोकलने पोचता येतं आणि आकाश बरं मिळतं.

सूर्य मावळण्याआधी पोचा. संधिप्रकाशात फ्लॅट फ्रेम, म्हणजे एकसारख्या उजळ आकाशाच्या प्रतिमा, घ्यायच्या असतात. भिंगावरची धूळ आणि कडांकडचा अंधार त्यांच्या मदतीने नंतर काढून टाकता येतो. त्यानंतर लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवून जागतिक वेळेवर, म्हणजे यूटीसीवर ठेवा. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. रात्री बारा वाजता आपल्याकडे तारीख बदलते, यूटीसीत ती पहाटे साडेपाचला बदलते. वहीत एकाने घड्याळ बघून तारीख लिहिली आणि कॅमेऱ्याने दुसरी नोंदवली, की एकाच रात्रीचे दोन तुकडे चोवीस तासांनी लांब जातात आणि वक्र जुळेनासा होतो. वहीत सरळ यूटीसीच लिहा. नंतर ज्युलियन दिनांक (खगोलशास्त्रातली दिवसांची सलग मोजणी) वापराल तेव्हा आणखी सोपं होतं: तो आपल्या संध्याकाळी साडेपाचला बदलतो, त्यामुळे भारतातली अख्खी रात्र एकाच ज्युलियन दिनांकात बसते.

एक्स्पोजर किती ठेवायचं? प्रतियुतीच्या सुमारास मुख्य पट्ट्यातला लघुग्रह मिनिटाला साधारण अर्धी विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) सरकतो. दोन मिनिटांच्या प्रतिमेत तो एखादी विकला हलेल, तेवढं चालतं, कारण आपल्या हवेत ताराच तीन-चार विकला पसरलेला असतो. पृथ्वीजवळून जाणारा लघुग्रह याच्या कित्येक पट वेगात जातो. तिथे एक्स्पोजर सेकंदांत मोजावं लागतं, म्हणून तो पहिल्या वर्षी नको. तेराव्या प्रतीसाठी ६० ते १२० सेकंदांनी सुरुवात करा आणि पहिल्या पाच प्रतिमा लगेच तपासा. लघुग्रहाचा सिग्नल गोंगाटाच्या किमान पन्नास पट असावा, म्हणजे प्रत्येक बिंदूतली चूक ०.०२ प्रतीच्या आसपास राहते. सोबतचे तुलना-तारे संतृप्त झाले, म्हणजे त्यांच्या मधल्या पिक्सेलने कमाल आकडा गाठला, तर ते बाद. एक्स्पोजर कमी करा किंवा फोकस अगदी किंचित सोडा.

एकदा सुरू झालं की कॅमेऱ्याला एकटं सोडा, पण वहीला नको. दर अर्ध्या तासाने एक ओळ: वेळ, ढग, वारा, भिंगावर दव, काही अडचण. जर्मन पद्धतीचं माउंट असेल तर लघुग्रह मध्यान्हरेषा (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना दुर्बीण पलटी मारते, त्या मिनिटाची नोंद हवीच. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तीननंतर दव पडतं आणि तारे हळूहळू मंद होत जातात. लघुग्रह फिरल्यामुळे मंद झाला की काचेवर पाणी साचलं, हे दुसऱ्या दिवशी वहीतली ती ओळच सांगते. काचेभोवती ड्यू हीटरचा पट्टा बांधा. नसेल तर जाड पुठ्ठ्याची नळी करून पुढे लावा.

रात्र संपताना झाकण लावून त्याच एक्स्पोजरच्या डार्क फ्रेम घ्या, कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट त्यांवरून वजा करता येतो. थंडीने बोटं आखडलेली असतात आणि सगळ्यांना घरी जायची घाई असते, म्हणून हे काम एकाच्या नावावर आधीच लिहून ठेवा.

मोजणी

प्रतिमांमधून डार्क आणि फ्लॅट वजा-भाग करून झाले की प्रत्येक प्रतिमेचे आकाशातले निर्देशांक काढून घ्या. ॲस्टॅप किंवा ॲस्ट्रोमेट्री-डॉट-नेट हे मोफत करून देतात. पुढे टायको ट्रॅकर आणि एमपीओ कॅनोपस ही खास लघुग्रहांसाठीची सॉफ्टवेअर आहेत. पायथन येत असेल तर ॲस्ट्रोपाय आणि फोटयुटिल्स वापरून स्वतः लिहा, शिकायला तेच चांगलं.

तत्त्व सोपं आहे. लघुग्रहाचं तेज एकट्याने मोजायचं नाही, त्याच प्रतिमेतल्या चार-पाच ताऱ्यांच्या तुलनेत मोजायचं. पातळ ढग आला तर सगळेच मंद होतात आणि फरक तसाच राहतो. तुलना-तारे सूर्यासारख्या रंगाचे निवडा, कारण लघुग्रह दाखवतो तो सूर्याचाच प्रकाश. फार निळा किंवा लाल तारा घेतला तर लघुग्रह खाली उतरताना खोटा चढउतार दिसतो. आणि त्या ताऱ्यांतला एखादा स्वतःच रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा, नाही ना, हे इतर ताऱ्यांशी ताडून पाहा.

दुसऱ्या रात्रीपर्यंत लघुग्रह दहा-पंधरा कला सरकलेला असतो, तुलना-तारे बदलतात. दोन रात्रींचे वक्र एकमेकांच्या वर-खाली बसतात ते यामुळे. त्यासाठी ताऱ्यांच्या प्रती गाया किंवा ॲटलास सूचीतून घ्या, म्हणजे सगळ्या रात्री एका मापात येतात. सोबत अंतराची दुरुस्तीही लागते: लघुग्रह जवळ-लांब होतो तसं तेज बदलतं, आणि प्रकाश आपल्यापर्यंत यायला दर खगोलीय एककामागे (पृथ्वी-सूर्य सरासरी अंतरामागे) ८.३ मिनिटं लागतात. होरायझन्सचा तक्ता इथे पुन्हा उघडा.

लघुग्रह एखाद्या मंद ताऱ्यावरून गेला असेल तर तिथले बिंदू खुशाल काढा, पण कोणते आणि का काढले ते लिहा. "वक्रात बसत नाहीत" हे कारण चालत नाही.

मग काळ शोधायचा. वेगवेगळे परिवलनकाळ धरून सगळे बिंदू एका फेरीवर दुमडायचे आणि कोणत्या काळाला ते सगळ्यात घट्ट बसतात ते पाहायचं. उत्तर एकच येत नाही, दोन-चार उमेदवार येतात. त्या सगळ्यांचे आलेख अहवालात द्या आणि बाकीचे का नाकारले ते सांगा. अहवालातला सगळ्यात वाचनीय भाग हाच असतो. दोन शिखरांचं गृहीतकही डोळे मिटून धरू नका. चढउतार ०.३-०.४ प्रतीच्या वर असेल तर ते बहुधा बरोबर असतं. व्हेस्टाच्या पृष्ठभागावर उजळ-काळसर भाग असल्याने त्याच्या एका फेरीत एकच शिखर येतं, आणि त्याचा काळ ५.३४ तास की त्याच्या दुप्पट यावर बराच काळ वाद होता. आणखी एक चाचणी: दोनेकशे मीटरपेक्षा मोठे लघुग्रह सहसा २.२ तासांपेक्षा वेगाने फिरत नाहीत, कारण बहुतेक दगडांचे सैल ढीग असतात आणि त्याहून वेगात ते विखुरतील. शंभर किलोमीटरच्या लघुग्रहाला तुमचं उत्तर दीड तास आलं तर गणित पुन्हा पाहा.

निकाल कुठे पाठवायचा

विज्ञान प्रदर्शनातला फळा हा शेवटचा थांबा नव्हे. प्रकाशवक्रांची मोजमापं एएलसीडीईएफ या खुल्या भांडारात ठरलेल्या मजकूर-स्वरूपात चढवता येतात, त्यात वेळ, प्रत, चूक, फिल्टर आणि तुलना-तारे असतात. काम नीटस असेल तर मायनर प्लॅनेट बुलेटिन या त्रैमासिकात छोटा लेख पाठवा. तिथे हौशी आणि विद्यार्थी गटांचे लेख नेहमी येतात, आणि पुढच्या काही महिन्यांत कोणते लघुग्रह पाहण्याजोगे आहेत याची यादीही मिळते. याच प्रतिमांमधून लघुग्रहाचं अचूक स्थानही काढता येतं. ते मायनर प्लॅनेट सेंटरला पाठवायचं असेल तर आधी माहीत असलेल्या लघुग्रहांची स्थानं मोजून तुमच्या जागेसाठी वेधशाळा-संकेतांक मिळवावा लागतो. कॉलेजच्या गच्चीवरून दर वर्षी काम होणार असेल तरच त्या खटपटीत पडा.

मूळ प्रतिमा, डार्क, फ्लॅट आणि वहीची छायाचित्रं एका हार्ड डिस्कवर विभागातच ठेवा, कुणाच्या स्वतःच्या लॅपटॉपवर नको. क्लिओपात्राची पुढची प्रतियुती ४६५ दिवसांनी येईल तेव्हा तुमचा गट पदवी घेऊन गेलेला असेल, आणि नव्या कोनातला वक्र तुमच्या वक्रासोबत ठेवायला पुढच्या बॅचला याच फाइल लागतील.